मधल्या ट्रम्पेटवरची चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या संस्कृती भवनाच्या प्रमुख व्हिदोसावाबाई, व्यासपीठावर विराजमान असलेले आदरणीय नगराध्यक्ष, त्यांच्या शेजारी बसलेले आणि मी उठताच हळूच घड्याळ पाहून घेतलेले आपले फादर अर्सेनिये, व्रेलोव्होच्या बँडमधले माझे आजवरचे सगळे सोबती, जमलेल्या आयाबहिणी, आणि अगदी शेवटच्या बाकावर दाराला टेकून बसलेला माझा मित्र सोतिर, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सोतिर, पुढं ये म्हटलं तर म्हणालास, "अंगाला टायरचा वास येतोय, पुढच्या बायका उठून जातील." बरं, बस तिथंच. माझा आवाज तिथवर पोचेल एवढी काळजी मी घेतो. आज तो तिथवर पोचायलाच हवा.

माझ्याआधी तिघं बोलले आणि तिघांनीही माझं इतकं कौतुक केलं, की माझ्या बायकोनं, पेरुनिकेनं, दोनदा मान वळवून मागं पाहिलं. स्तामेन नावाचा आणखी कुणी आलाय की काय, असं तिला वाटलं असेल. नगराध्यक्ष मला पितळाचा महर्षी म्हणाले. साहेब, तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही, पण मी कसला महर्षी? शिवणयंत्रांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर बसणारा मी माणूस. स्वरलिपी वाचायला मला कुणी शिकवलं नाही. भिंतीपलीकडून ऐकत ऐकत शिकलो आणि आपल्या बँडमध्ये तीस वर्षं दुसरा ट्रम्पेट वाजवला. पहिला सोतिरचा. म्हणजे असं, की तो बोलायचा आणि मी "हो, हो" म्हणायचो.

उद्या सकाळच्या बसनं मी आणि पेरुनिका लेकीकडे, ऑस्ट्रियात लिंझला निघालो आहोत. कायमचे. माझे वरचे पुढचे चार दात गेले. ट्रम्पेट ओठांना लावला की आता नुसती वाफ निघते. म्हणून हे टेबलावरचे तेवीस जुने ट्रम्पेट गावाच्या हवाली करून चाललो आहे. उद्यापासून ते या काचेच्या कपाटात राहतील.

लोक मला विचारतात, "काका, जुन्यात एवढं काय आहे? नवा घ्या, झळझळीत, पोचा नाही, ओरखडा नाही." काय सांगू त्यांना? नवा ट्रम्पेट हातात घेतला की तो तुमच्याकडे बघतो, पुढचं तुम्ही सांगा म्हणून. जुना तसा नसतो. मधल्या झडपेच्या बटणावर एक खळगा असतो. कुणाच्या तरी बोटानं चाळीस वर्षं घासून पाडलेला. तो माणूस कधीच मातीत गेलेला असतो, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसतं, पण तुमचं बोट नेमकं त्या खळग्यात बसतं. नळी हुंगली तर जुन्या तेलाचा, ओल्या पितळाचा वास येतो. एखादा सूर असा असतो, की जोर केलात तर हटून बसतो, लाडीगोडी लावली तर येतो. त्याची खोड शिकायला मला एकेकाला वर्ष वर्ष लागलं आहे. हा उजवीकडचा, वाकड्या मानेचा, कुठं मिळाला ठाऊक आहे? एका घरी राकिया पिंपात ओतायला नरसाळं म्हणून वापरत होते. मी म्हटलं, "अहो, हा ट्रम्पेट आहे." घरमालक म्हणाला, "असेल. पण सांडत नाही." आठवडाभर धुतला तरी वाजवताना आलुबुखाराच्या दारूची झिंग यायची. पेरुनिका म्हणायची, "तू भंगार आणत नाहीस, तू मेलेली माणसं घरात आणतोस. आणि जेवायला वाढायला मात्र मला एकटीलाच लावतोस."

हसा, हसा. मला अजून थोडं हसू द्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

व्हिदोसावाबाईंनी प्रत्येक ट्रम्पेटला सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली आहे. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. पण बाई, एक चिठ्ठी चुकली आहे. हा मधला. आरशासारखा चमकतोय म्हणून तुम्ही त्याला मानानं मध्ये ठेवलात आणि लिहिलंत : "साल १९११. सर्वोत्तम स्थिती." तुमचा दोष नाही. बघणाऱ्याला तसंच वाटणार.

हा सोतिरच्या वडिलांचा ट्रम्पेट. आणि हा मेलेला आहे. याला मी मारलं.

नाही बाई, तब्येत ठीक आहे माझी. पाणी नको. बोलू द्या.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुर्जेवदानच्या सणाआधी दहा दिवस सोतिर हा घेऊन माझ्याकडे आला. एक झडप अडकत होती, बाकी काही नाही. तेव्हा हा काळपट होता, जुन्या कढईसारखा, पुढच्या रुंद कर्ण्यावर चार पोचे. झडप मी तासाभरात सोडवली. मग माझ्या मनात आलं, मित्राला खूश करावं. एवढा थोर ट्रम्पेट आणि असा कळकट दिसतो! मला तेव्हा अक्कल कुठं होती? कारखान्यात आयुष्यभर एकच शिकलो होतो, चमकलं म्हणजे चांगलं झालं. नेला कारखान्यात आणि लावला चाकावर. काळा थर गेला. त्याखालचं पितळ इतकं गोड पिवळं निघालं, की मला थांबवेना. पोचे दिसेनासे होईपर्यंत घासलं. कारागिराचा शिक्का पुसट झाला तरी घासत राहिलो. थांबलो तेव्हा कर्ण्याच्या कडेवर अंगठा दाबून पाहिला, तर डब्याच्या पत्र्यासारखा टक्क वाजला. शंभर वर्षांचं पितळ मी धूळ करून जमिनीवर सांडलं होतं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. हे नीट ऐका. नंतर कळलं असं नाही.

आपल्याकडे जुर्जेवदानच्या पहाटे मोरावेच्या काठी पहिला सूर कोण लावतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. सगळं गाव हातात ओल्या वाळुंजाच्या फांद्या घेऊन गप्प उभं राहतं आणि पहिला ट्रम्पेट एकटा, नदीकडे तोंड करून, एकच लांब सूर लावतो. त्याच्यानंतरच बाकीचा बँड. सोतिरच्या घराण्यात तीन पिढ्यांचं ते काम. त्या पहाटे यानं हा झळझळीत ट्रम्पेट उचलला. बायका "अगंबाई, सोन्याचा झाला!" म्हणाल्या. यानं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. आणि फुंकला.

तुमच्यातल्या ज्यांना आठवतं, त्यांनी मान खाली घातली आहे. मला इथून दिसतं आहे. सूर चिरकला. पुन्हा लावला, पुन्हा चिरकला, पातळ, पोरकट, पत्र्याचा. सगळं गाव आधी ट्रम्पेटकडे बघायला लागलं, मग माझ्याकडे. सगळ्यांना ठाऊक होतं, ट्रम्पेट कुणाच्या हातून आला आहे ते. मी काय केलं? मी हसलो आणि मोठ्यानं ओरडलो, "सोतिर, पितळ मी चमकवलं रे! तुझी फुप्फुसं कोण चमकवणार?"

सगळे हसले. तोही हसला. पहिला तोच हसला.

पंधरा दिवसांनी माझ्या अंगणात आला. म्हणाला, "स्तामेन, खरं सांग. ट्रम्पेटात काही बिघडलंय का? तुला पितळातलं कळतं."

मी म्हटलं, "पितळ ठणठणीत आहे."

तो म्हणाला, "मग मीच."

एवढंच बोलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी हा ट्रम्पेट वडिलांच्या मफलरात गुंडाळून घेऊन आला. "तुझ्या कपाटात ठेव. घरात दिसला की घास गिळवत नाही." तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. त्या वयात याचे वडील डोंगरापलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं वाजवायचे. यानं त्या दिवसापासून टायरचं दुकान धरलं आणि आजतागायत कसलंही वाद्य ओठांना लावलेलं नाही. त्याच्या वाटचं मी वाजवलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मघाशी ज्या मानपत्राचं वाचन झालं, त्यातली शेवटची सगळी वर्षं त्याची आहेत.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. कितीदा तरी दुकानाच्या दारात उभा राहिलो. हा मला बघून ओरडायचा, "ये रे म्हाताऱ्या, कॉफी ठेवतो!" एकदा धीर केला आणि म्हटलं, "सोतिर, तुझ्यात अजून हवा आहे." तर टायरला पंप लावत म्हणाला, "हवा आता पंप भरतो. माझी संपली. साखर किती घालू?" मी म्हटलं, "दोन चमचे." कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

अजून एक सांगायचं आहे. नगराध्यक्ष साहेब, वेळ झाल्याचं कळतंय मला, पण तुम्ही मला निरोप देताय ना? मग एवढा वेळ द्या.

माझ्या खुर्चीखाली टॉवेलात गुंडाळलेलं काय आहे म्हणून मघापासून फादर बघताहेत. हा चोविसावा. कुठल्याच यादीत नाही. नऊ वर्षांपूर्वी पिरोतच्या बाजारात सापडला. त्याच कारागिराचा शिक्का, तेच साल, तेच वळण. सोतिरच्या वडिलांच्या ट्रम्पेटचा जुळा भाऊ म्हणा. काळपट, पोचे आलेला, कुणी हात न लावलेला. तेव्हा माझे दात शाबूत होते. बाजारातच फुंकला. आणि तो सूर आला, मंडळी, मोरावेच्या काठचा. सोतिरचा. माझ्यासारख्या दुसऱ्या ट्रम्पेटच्या तोंडून आला! मी मिरच्यांच्या पोत्यावर बसून रडलो. विकणारी बाई म्हणाली, "आजोबा, रडून भाव कमी होत नाही."

तो मी घरी आणला आणि नऊ वर्षं रजयांच्या पेटीत तळाशी दडवला. का? सोतिरनं हा एकदा जरी फुंकला असता, तर एका श्वासात त्याला कळलं असतं की त्याची फुप्फुसं धडधाकट होती. आणि माझं काय झालं असतं? मी माझी अब्रू वाचवली आणि त्याला त्याच्या पंपापाशी बसू दिलं.

सामान बांधताना पेरुनिकेच्या हाताला हा लागला. तिला सगळं ठाऊक आहे. फार वर्षांपासून. ती म्हणाली, "लिंझपर्यंत मी काहीही उचलीन, तुझी हाडंसुद्धा. हे उचलणार नाही. हे इथं टाक, मगच बसमध्ये चढ." मी म्हटलं, "आज दुकानात जाऊन सांगतो." तर म्हणाली, "दुकानात? नदीवर सगळ्यांसमोर त्याला हसलास, आणि आता कानात सांगणार होय?"

म्हणून सगळ्यांसमोर सांगतो आहे. सोतिर, तुझ्यात काही कमी नव्हतं. एका दिवसापुरतंही नव्हतं. बिघाड पितळात होता आणि तो मी केला. मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि ते खोटं तू सोळा वर्षं स्वतःच्या छातीत भरून घेऊन जगलास. मला उद्या जायचं आहे. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, परत येणार नाही. तू मला शिव्या दे, इथं येऊन थोबाडीत मार, फादर तोंड फिरवतील. पण तसा शेवटच्या बाकावर बसून राहू नकोस. काहीतरी बोल. त्याच्या बाजूला बसलेल्यांनो, त्याला हलवा कुणीतरी. तो ऐकतोय ना?

उठला. बाजूला व्हा, त्याला वाट द्या. नाही, नाही, धरू नका त्याला, येऊ द्या.

ये. हे बघ, हे दोघे. हा तुझ्या वडिलांचा, आणि हा... अरे, बोल ना. सोतिर. माझ्याकडे बघ तरी.

बरं. नको बघू.

व्हिदोसावाबाई, त्याला अडवू नका. दोन्ही घेऊ द्या. वडिलांचा बगलेत धरलाय त्यानं, तसाच नेऊ द्या. ती चिठ्ठी तेवढी काढून ठेवा. तुमच्या नोंदीत आता बावीसच राहिले असं लिहा, मी त्याखाली सही करतो.

चालला. मागं वळला नाही. दाराशी थांबलाय. कोटाच्या आतल्या खिशात हात घालतोय... पेरुनिका, तुला दिसतंय का? माउथपीस आहे, ट्रम्पेटला बसवून ओठांना लावायचा. त्याचा स्वतःचा माउथपीस. आम्ही वाजवणारे तो कुणाला उसना देत नाही, खिशातच ठेवतो, पण ज्यानं वाजवणं सोडलं तो कशाला... सोळा वर्षं, टायर बदलताना, रोज...

कोणत्या ट्रम्पेटला लावला? मला इथून दिसलं नाही. बाहेर गेला.

मंडळी, आता लांबवत नाही. आपण मला बोलावलंत, फुलं दिलीत, शाल दिलीत, मान दिलात. अध्यक्षांचा, नगराध्यक्षांचा, फादरांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर आपण पोटात घालावं. जे वागण्यात झालं, ते घालू नये. ते ज्याचं आहे त्याच्याकडे राहू द्या.

आणि एक हात जोडून विनंती. भाषण संपलं म्हणून टाळ्या वाजवू नका. कृपा करून कुणी खुर्ची सरकवू नका, कुणी खोकू नका. ते दार उघडंच राहू द्या.

मला ऐकायचं आहे.