गिलहूलींच्या शेकोटीचा नट

नाव: केल्विन जेम्स ट्रेथोवन. वय: ७७ वर्षे. धंदा: गॅसफिटर, निवृत्त. अविवाहित. राहणार: सोल्जर्स हिल, बॅलरॅट, व्हिक्टोरिया राज्य. दिनांक २४ एप्रिल २०२४, सकाळी १०.४०. लिहून घेणार: कॉन्स्टेबल टेगन लॉकेट.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. पंधराव्या वर्षी गॅसच्या कामाला लागलो आणि २०११ साली परवाना परत करून घरी बसलो. ज्याच्या भिंतीत मी हात घातलेला नाही असं घर आमच्या भागात सापडणं कठीण. कॉन्स्टेबलबाईंच्या आजीकडचा गीझरही मीच बसवला आहे. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही असं त्या म्हणाल्या, तरी मी तो लिहायला सांगितला आहे.

माझ्याविरुद्ध तक्रार श्रीमती फिओना बर्क, राहणार मेलबर्न, यांनी दिली आहे. त्यांच्या आई श्रीमती मॉइरा गिलहूली, वय ७४, निवृत्त शिक्षिका, माझ्यापासून चार घरं सोडून एकट्या राहतात. तक्रार अशी की, परवाना नसताना मी त्यांच्या दिवाणखान्यातल्या गॅसच्या शेकोटीत मुद्दाम बिघाड करत आलो आणि त्यामुळे आईच्या जिवाला धोका झाला. म्हणून आता घर विकून आईला मेलबर्नला, वृद्धांच्या वसाहतीत न्यायचं फिओनाने ठरवलं आहे. परवान्याबद्दल जी शिक्षा असेल ती मी घेतो. जिवाला धोका मात्र मला कबूल नाही, आणि माझ्यापायी मॉइराला गाव सोडावं लागावं हे तर मुळीच नाही.

सदर शेकोटी मीच १९८८ च्या मे महिन्यात बसवली. त्याआधी तिथे कोळशाच्या विटांची भट्टी होती आणि रोज सकाळी राखेचं घमेलं बाहेर न्यावं लागे. मॉइराचा नवरा डरमॉट माझा मित्र. त्या दिवशी तो बॅटरी धरून माझ्याशेजारी पालथा पडला होता आणि सारखा म्हणत होता, "केल, उडवू नकोस हं आम्हाला, शनिवारी मॅच आहे." ज्योत धरली तशी मॉइराने मोजे काढले आणि काचेसमोर पाय पसरून बसली. फिओना तेव्हा बारा वर्षांची. त्या आगीवर पाव भाजायचा तिने हट्ट धरला, मध्ये काच असल्यामुळे ते जमेना, म्हणून ती रडली. मग डरमॉटने तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं. ते घर तेव्हा फार हसतं होतं.

डरमॉट २०१३ च्या हिवाळ्यात गेला. आमच्याकडे थंडी एप्रिलात सुरू होते, पण २५ एप्रिलच्या, म्हणजे अ‍ॅन्झॅक डेच्या आधी शेकोटी पेटवत नाहीत. कितीही गारठा असो, दोन स्वेटर घालायचे. त्या दिवशी पहाटे स्मारकापाशी सैनिकांना मानवंदना द्यायची आणि घरी येऊन मग बटण दाबायचं. २०१४ साली मी मानवंदनेहून परतत होतो तेव्हा मॉइरा फाटकाशी उभी होती. म्हणाली, "केल, पेटत नाही रे. डरमॉटबरोबर तीही गेली वाटतं."

मी आत गेलो. ओट्यावरचा गॅस चालू होता, म्हणजे पुरवठा ठीक. बटण दाबल्यावर ठिणगीही पडत होती, पण पायलटची, म्हणजे मोठ्या आगीला पेटवणारी, बारीक ज्योत काही लागत नव्हती. तिच्या भोकात कोळ्याने जाळं केलं होतं. उन्हाळ्यात कोळी तिथे घर करतात, हे कुठलाही फिटर सांगेल. मी फुंकून साफ केलं. काम पाच मिनिटांचं, पण मला निघायला दुपारचे दोन वाजले. तिने पाइकलेट, म्हणजे छोटी जाड गोड धिरडी, केली होती, वर प्लमचा जॅम. आम्ही डरमॉटबद्दल बोललो. कोळशाच्या जुन्या गॅसबद्दल बोललो, वारा फिरला की सगळ्या गावात त्याचा वास कसा भरायचा, आणि आम्हाला तो वास म्हणजे घरी आल्यासारखा कसा वाटायचा. माझ्याशी इतका वेळ सलग कोणी बोलल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या मंगळवारी, मी उन्हाळ्यापुरती शेकोटी बंद करून काच पुसून द्यायला गेलो. तेव्हा पहिल्यांदा मी थर्मोकपलचा नट सैल केला. थर्मोकपल म्हणजे तांब्याची काडीएवढी नळी. तिचं टोक पायलटच्या ज्योतीत असतं आणि शेपूट गॅसच्या झडपेत पिळलेलं असतं. टोक तापलं की ती झडप उघडी धरते. नट अर्धा आटा सैल असला की पायलट लागते, पण बटणावरचं बोट काढलं की विझते. गॅस बाहेर येत नाही, उलट झडप मिटून बसते. त्या नटातून गॅस गळूच शकत नाही, हे कोणत्याही परवानाधारकाला विचारून घ्यावं.

असं मी तेव्हापासून दर वर्षी केलं. दर २५ एप्रिलला सकाळी साडेसातला तिचा फोन यायचा, "आली बघ तुझी लाडकी रुसून," आणि मी पाना घेऊन जायचो. नट आवळायला अर्धं मिनिट पुरतं. मी तासभर लावायचो. तिला बॅटरी धरायला सांगायचो, आधी हे तपासायचं, मग हे, असं क्रमाने समजावायचो. ती पडली मास्तरीण. विचारायची, "आणि हा नट काय करतो?" मी म्हणायचो, "काही नाही गं, नुसता बसून असतो." ती म्हणायची, "म्हणजे तुझ्यासारखाच."

असं का केलं, असं विचारण्यात आलं. कामाशिवाय कुणाकडे जाऊन बसायची सवय माझ्या वयाच्या माणसांना नाही. डरमॉटच्या घरात रिकाम्या हाताने जायची मला लाज वाटे, हातात पाना असला की वाटत नसे. मला मॉइरा आवडते. डरमॉट असतानाही आवडायची, पण तेव्हा मी सगळे नट घट्टच ठेवले. हे जबाबात लिहायलाच हवं का, असं कॉन्स्टेबलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, लिहा.

परवा सोमवारी फिओना आईकडे आली. अ‍ॅन्झॅक डेपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. मेलबर्नला राहून माणूस मऊ पडतो. शेकोटी पेटेना, म्हणून तिने परवानाधारक फिटर बोलावला. नट अर्धा आटा सैल आहे, पितळेवर पान्याचे ओरखडे आहेत, हे आपोआप होत नाही, असं त्याने लिहून दिलं. पोरगा कामाचा आहे. त्याच्या जागी मी असतो तरी हेच लिहिलं असतं. संध्याकाळी फिओना माझ्या दारात येऊन म्हणाली, "केलकाका, तुम्हाला आम्ही घरचे मानलं आणि तुम्ही आईच्या गॅसशी खेळलात?" मी कबूल केलं. मॉइरा तिच्यामागे उभी होती. ती खाली बघत राहिली. माझीच तिला लाज वाटली असं मी समजलो आणि काल दिवसभर मला जेवण गेलं नाही.

नट शेवटचा कधी सैल केला, असं विचारण्यात आलं. मी म्हटलं, गेल्या शर्यतीच्या मंगळवारी, ७ नोव्हेंबर २०२३. त्यावर कॉन्स्टेबलबाईंनी माझ्या काठीकडे बघून विचारलं, "आणि ही काठी कधीपासून?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. २ नोव्हेंबरला माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नाताळच्या आठवड्यापर्यंत मी आधी रुग्णालयात आणि मग जिलाँगला बहिणीकडे होतो. त्या मंगळवारी मी पलंगावरून उठूही शकत नव्हतो. ज्याने नऊ चोऱ्या केल्या तो दहावी कुणाची, हे तपासत बसत नाही. माझंही तसंच झालं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मॉइराचा वॉर्डात फोन आला होता, तोही तेव्हाच आठवला. म्हणाली होती, "शेकोटी बंद केलीय, काच पुसलीय. सगळं तू करतोस तस्संच केलंय, काळजी करू नकोस. एप्रिलात ये मात्र." मी औषधांच्या गुंगीत होतो, बरं म्हणून झोपलो.

मग नट कुणी सैल केला, असं विचारण्यात आलं. मला पाणी देण्यात आलं. मीच केला असं लिहा, असं मी सांगितलं. कॉन्स्टेबलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पलंगावर होतात. असं कसं लिहू मी?" त्यांचं बरोबर आहे.

तर असं लिहावं की, तो नट मी सैल केलेला नाही. तो मॉइरा गिलहूली यांनी स्वतः केला. मी काय करतो हे त्यांना ठाऊक होतं, किती वर्षं ते मला माहीत नाही. बरोबर अर्धा आटा, ना कमी ना जास्त, हे माझ्या हाताखालच्या पोरांना दोन-दोन वर्षं साधत नसे. ज्या बाईला चौऱ्याहत्तराव्या वर्षी नुसतं बघून ते साधलं, तिला कुणाच्या देखरेखीखाली ठेवायची गरज नाही. हे माझं मत जवळजवळ पन्नास वर्षं या धंद्यात काढलेला माणूस म्हणून नोंदवून घ्यावं.

जबाबाची प्रत तक्रारदाराला जाईल असं मला सांगण्यात आलं. माझी हरकत नाही. ती त्यांच्या आईच्या पत्त्यावर पाठवावी, आणि जमलं तर आजच. उद्या २५ एप्रिल आहे.

वरील मजकूर कॉन्स्टेबल लॉकेट यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

(सही) के. जे. ट्रेथोवन