रिकाम्या ड्रममधली खुडूक

हॅलो?… हो, बोल ताई… नाही, जेवत नाहीये, परसात आहे. कोंबडीपाशी… आपल्याच गं, आईच्या.

अगं, पुन्हा तिथेच जाऊन बसलीये. जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये… नाही, खुराड्यात नाही. तू पाठवलेलं खुराडं छानच आहे. दुमजली आहे, वरती खिडकीसुद्धा आहे. तिला नाही पटलं, त्याला मी काय करू?

हलवली होती ना! काल भर दुपारी. तूच नव्हतीस का व्हिडिओ कॉलवर, डोक्यावर उभी? ‘ड्रममध्ये मुंगूस येईल, आत्ताच्या आत्ता उचल, माझ्यासमोर उचल.’ उचलली. तिने मनगट फोडलं माझं. तू ‘किती गोड!’ म्हणालीस… मला नाही, तिला.

मग काय व्हायचं? अंडी तुझ्या खुराड्यात ठेवली, तिला वर बसवलं आणि गेले कामावर. डॉक्टरांच्या दारातली गर्दी कोण आवरणार, कोंबडी?… दाराला कडी नाही घातली. तूच म्हणालीस, गुदमरेल.

संध्याकाळी येऊन बघते तर बाईसाहेब ड्रममध्ये. खाली काही नाही, नुसता पत्रा. पण पिसं फुलवून अशा थाटात बसलेली, जणू अख्खं खानदान पोटाखाली आहे. आणि अंडी तिकडे दुमजली घरात, गार.

हो, हो… अगं ऐक ना! ठेवली परत तिच्याखाली. लगेच ठेवली. आत्ता बॅटरीच्या उजेडात धरून बघितली एकेक… नाही… काही हलत नाही गं आत… एकातही नाही.

आई सांगतच होती. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी हलवायची तर अंधार पडल्यावर, घरट्यासकट. उजेडी हलवली की जुन्या जागी पळते. मी तुला म्हटलंही. तू म्हणालीस, आईचं ते जुनं झालं, मी वाचलंय.

दुसरी ठेवू? कुठली?… अगं, आणि कोंबडा?… ताई, कोंबडा भावोजींनी खाल्ला. मागच्या खेपेला आलात तेव्हा. ‘घरच्याची चवच वेगळी’ म्हणाले, हात धुताना… टोमणा नाही मारत. अंडी फळायला कोंबडा लागतो, एवढंच सांगतेय. त्याची एवढीच अंडी राहिली होती.

विकतची पिल्लं सरकवू तिच्याखाली?… आईचे पाय गेलेत ताई, डोळे नाही. हा बिनपिसांच्या मानेचा वाण आजीने दिला होता तिला, लग्नानंतर. घरं बदलली, बाबा गेले, पण तिने तो मोडू दिला नाही. आणि तिच्यापुढे मानेवर पिसं असलेली पिल्लं नेऊन ठेवू?

नाही, अजून नाही सांगितलं… कसं सांगू? सकाळी उशीवरून मान उचलून पहिलं तेच विचारते, ‘टरफल टोचलं का गं कुणी?’ पिल्लं बघायचीत म्हणून तर गोळ्या घेते आताशा. नाहीतर तोंड फिरवायची.

मीच का?… हो, मी जवळ असते. जवळ असते म्हणून नखं कापायची मी, चादर बदलायची मी, आणि वाईट बातमीही मीच द्यायची. तू लांबून प्रेम करायचंस… बरं, राहिलं. चिडत नाहीये.

दोघींनी मिळून सांगायचं? चालेल की. मग आत्ताच सांगू. थांब, आत जाते… जागीच आहे. तुझा फोन म्हटल्यावर बघ, हात पुढे केलाय तिने… मीटिंग नंतर गं. दोन मिनिटं. सुरुवात तू कर, पुढचं मी बघते… ताई, देते हं…

हॅलो?… ताई?… हॅलो?

नाही आई, तिने नाही ठेवला. रेंज गेली असेल… हो, बोलली ना. आधी तुझीच चौकशी केली… हो गं, पिल्लांचीही. घे, गोळी घे आधी.