शिशाच्या अ‍ॅप्रनची घडी

ऐक, आणि हसू नकोस. परळला आमच्या हॉस्पिटलात अँजिओग्राफी चालू असताना आमच्या अंगावर एक्स-रे येऊ नयेत म्हणून आम्ही शिशाचे अ‍ॅप्रन घालतो. आमच्या सफाईवाल्या मावशींना ते लोंबकळताना बघवत नाहीत, म्हणून रोज साडीसारखी घडी घालून कपाटात ठेवायच्या. मीच म्हणायचो, वा मावशी.

परवा साहेबांनी माझा अ‍ॅप्रन मशीनखाली धरून तपासला. स्क्रीनवर ओटीपोटाच्या जागी एक आडवी रेघ दिसली.

"घडीवर शिसं तडकलंय. किती दिवस घालतोयस हा?"

"वर्ष झालं, सर."

पुढच्या महिन्यात लग्न आहे रे माझं.

तेवढ्यात मावशींनी मागून मान पुढे काढून रेघ न्याहाळली.

"बघा साहेब, सूतभर वाकडी नाही माझी घडी."