श्रीपती उठला आणि सरकार गेलं

जयवंता : भावजी, दारात काय उभे? आत या, बसा.

श्रीपती : बसणार नाही, वहिनी. आमच्या शिल्पाच्या लग्नाची पत्रिका दिली की निघालो. मी बसलो की उठावं लागतं, अन् उठलो की लोकांची सरकारं पडतात.

लक्ष्मणराव : बघ, टोमणे बघ! जयवंता, तूच सांग. मागच्या इलेक्शनला, मतमोजणीच्या दिवशी, हा ह्याच खुर्चीवर बसला होता की नाही? टीव्हीवर आपला माणूस पुढं होता की नाही?

जयवंता : होता बाई.

लक्ष्मणराव : हात जोडले मी. म्हटलं, लीड आहे तोवर हलू नको. चहा हातात आणून दिला, बिस्किट तोंडात घातलं...

श्रीपती : चारदा चहा पाजला तुम्ही, लक्ष्मणराव. माणूस किती दम धरील?

लक्ष्मणराव : हा तिकडं मोरीत गेला, इकडं लीड गेला! आपली सीट एका मतानं पडली, अन् त्या एका सीटपायी राज्य हातचं गेलं.

श्रीपती : हेच साऱ्या अंबरपेठेत सांगत फिरलात. इस्त्रीवाला अजून म्हणतो, ‘काका, उठू नका.’ म्हणून ह्या घरात पाय टाकला नाही मी. आजही आलो नसतो. पण पोरगी हट्टाला पेटली. लक्ष्मणकाका नसतील तर मांडवात उभी राहणार नाही म्हणते.

लक्ष्मणराव : येतो की! आधी ह्यानं माफी मागावी.

जयवंता : माफी? भावजी, ते एक मत कुठं गेलं, सांगू?

लक्ष्मणराव : जयवंता, कुकर बघ.

जयवंता : कुकर कधीच उतरवला. ह्यांनी मत दिलंच नव्हतं, भावजी.

श्रीपती : काय बोलता! दिवसभर शाईचं बोट नाचवत होते की.

जयवंता : दुकानातल्या शिक्क्याच्या पॅडची शाई ती! बूथवर रांग मोठी दिसली, तसे चौकात दोसे खाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, बोट स्वच्छ. मतदानाची शाई कधी साबणानं जाते का?

(लक्ष्मणराव बोट मुठीत लपवतात.)

लक्ष्मणराव : आता एका मतानं काय होतं रे!

श्रीपती : हौ. एका मतानं काही होत नाही. एक माणूस मोरीत गेला की राज्य जातं!

जयवंता : अगं आई गं... हसून हसून पोट दुखलं माझं.

लक्ष्मणराव : तू हसू नको. श्रीपती, लग्न कुठं आहे?

श्रीपती : सिकंदराबादला. येताय?

लक्ष्मणराव : न येऊन जातो कुठं? माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती. फक्त ते शाईचं... इस्त्रीवाल्याला नको सांगू.

श्रीपती : बघतो.

लक्ष्मणराव : बघतो काय? चुकलं माझं, बस? ही घे तुझी खुर्ची. कुणाला बसू दिलं नाही तिच्यावर. जेवूनच जा.

श्रीपती : बसतो, लक्ष्या. पण चहा एकच कप.