काटा दोनावरच

एकनाथ: ...आणि वाघोबाच्या खिंडीत एक बैलगाडी आमच्या मोटारीच्या पुढे गेली, खंडेरावदादा. गाडीवानानं वळून साहेबाला रामराम पण घातला.

जमना: माणूस चांगला असेल.

एकनाथ: आई, गप बस ना जरा. खिंड उतरल्यावर साहेब मला म्हणाला, पुढच्या रविवारी हीच रड असली तर गाडी विकून टाकतो. आज तो रविवार. दुपारच्या आगगाडीनं पालघरला उतरेल, मी आणायला जायचं हाय.

खंडेराव: गाडी विकली तर तुझं काय होणार?

जमना: मी सांगते. बंगल्यावर याला ठेवलाय तो गाडीसाठी. गाडी गेली की हा परत शेजारच्या चिंधूच्या होडीवर. आणि होडी खाडीबाहेर पडली की हा ओकायला लागतो. कोळ्याचा पोरगा आणि समुद्र सोसत नाय!

एकनाथ: झालं सांगून? अख्ख्या केळव्याला ठाऊक हाय, आता दादांच्या बोईसरला पण कळलं.

खंडेराव: मावशी, मी सुके बोंबील घ्यायला आलो होतो. आठवडाभर तारापूरच्या कामावर डंपरांची इंजिनंच बघतो.

जमना: मग एक गाडी पण बघा. सुकलेले बोंबील कुठे पळत नाय.

खंडेराव: उघड रे बॉनेट. अरे वा, हिला ब्लोअर आहे! साहेब शौकीन दिसतोय.

जमना: तो डबा कसला, भाऊ?

खंडेराव: इंजिनाची फुंकणी, मावशी. चूल मंद झाली की तुम्ही फुंकणी घेता. लाकडं तेवढीच, पण वारा जास्त मिळाला की जाळ वाढतो. इंजिनाचंही तसंच. हा डबा आत वारा कोंबतो, म्हणून पेट्रोल जोरात जळतं.

जमना: आणि फुंकतो कोण?

खंडेराव: चांगलं विचारलंत. इंजिनच फुंकतं. खालची पुली इंजिन फिरवतं, तिच्यावरून हा रबरी पट्टा जातो आणि डब्यावरची पुली फिरवतो. एकनाथ, वाऱ्याचा जोर दाखवणारा काटा चढावर कुठे असायचा?

एकनाथ: सहावर. आता कितीपण दाबा, दोनावरच.

खंडेराव: आधी काटाच खोटं बोलत नाही ना, ते बघू. त्याची ही बारीक नळी काढ आणि तोंडानं फुंक. हळू.

एकनाथ: हलला. सोडला की शून्यावर येतो.

खंडेराव: म्हणजे काटा खरा. आता वारा आत येतो ती जाळी. कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं पुष्कळदा.

एकनाथ: होतं ना. कालच काढलं. काय फरक नाय पडला.

खंडेराव: शाबास. मग सांधे. इंजिन चालू कर, नुसतं गुरगुरत ठेव. मी सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडतो. कुठे फट असली तर थेंब आत ओढला जाईल आणि आवाज बदलेल. मावशी, तुम्हीही कान द्या.

जमना: नाय बदलला. एकसारखा गुरगुरतोय, मांजरीसारखा.

खंडेराव: मलाही तसंच वाटलं. आता जरा रेस दे. अजून. बस, बंद कर. किल्ली काढून घे, मग मी हात घालतो. बघ, वरच्या पुलीला बोट लावून बघ.

एकनाथ: आई गं! चटका बसला.

खंडेराव: पट्टा पुलीला धरत नाही, नुसता घासतोय. म्हणून ती तापते, आणि फुंकणी अर्धीच फिरते.

एकनाथ: पण पट्टा मी दोनदा आवळला, दादा. बघा, ताणलेला हाय.

खंडेराव: हो, ताण बरोबर आहे. मग घसरतो कशानं? थांब. एकनाथ, हा पट्टा हुंगून बघ.

एकनाथ: काय नाय. रबराचा वास.

खंडेराव: आणि माशाचा?

एकनाथ: माशाचा वास काय, तो तर सगळीकडे असतो.

खंडेराव: तुम्हाला तो येत नाही, हीच पंचाईत आहे. मी मूळचा सिन्नरचा, तिथं समुद्र नाही; मला लगेच येतो. या पट्ट्याला माशाचं तेल आहे, आणि भरपूर आहे.

एकनाथ: माशाचं तेल? इथं कोण लावील?

जमना: मी लावलं.

एकनाथ: आई?

जमना: नारळी पुनवेला तू सासुरवाडीला वाणगावला होतास. सगळ्यांनी होड्या काढल्या, धुतल्या, मुशीचं तेल चोपडलं. दरवर्षी तुझ्या बापाच्या होडीला मी लावायचे. ती विकली. यंदा चिंधू आला, म्हणाला, काकी, होडी नाय तर बरणीतलं तेल मला दे. मी नाय दिलं. म्हटलं, आता घर या गाडीवर चालतं, तर हिलाच लावू. खारं वारं खातं लोखंडाला. आत बाहेर सगळीकडे लावलं. पट्ट्याला दोन हात.

एकनाथ: आणि मी आठवडाभर झोपलो नाय.

जमना: मला काय ठाऊक, त्याला कोरडंच राहायचं असतं? दे, ती बरणी चिंधूलाच देऊन टाकते. होडी नसलेल्या घरात तेल कशाला.

खंडेराव: मावशी, जरा बसा. एकनाथ, डिकीत दुसरा पट्टा आहे का?

एकनाथ: हाय एक, नवा. साहेबानं ठेवलाय.

खंडेराव: तोच घालू. हा आता तेल प्यायला, पुसून भागणार नाही. पण पुल्या आधी धुवायला हव्यात. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागेल, मावशी.

जमना: तेल कसं काढायचं ते तरी मला शिकवू नका. आणते.

(पुल्या धुऊन, पुसून नवा पट्टा चढवला जातो. खंडेराव आणि एकनाथ पालघरच्या रस्त्याला गाडी पळवून परत येतात.)

एकनाथ: सहा, आई! सहाच्या पण वर गेला काटा.

खंडेराव: सहावर. वर नाही. साहेबाला सांगताना फुगवू नकोस, त्याला खिंडीत दिसेलच.

जमना: आणि तुला ओकारी?

एकनाथ: गाडीत नाय होत गं.

खंडेराव: मावशी, आणखी एक. मी मगाशी वाकून खालून बघितलं. समुद्रापासून हाकेवर उभी असते ही गाडी, तरी खालच्या पत्र्याला गंजाचा ठिपका नाही. कामावरचे डंपर एका पावसाळ्यात लाल होतात. चाकांवरचा आतला पत्रा तेवढा तुमच्याकडून राहिलाय. तिथेही तेल लावा. पट्टा आणि ब्रेक मात्र सोडून.

एकनाथ: आई, चिंधू आलाय बघ दारात. बरणी न्यायला आलो म्हणतोय.

जमना: त्याला सांग, तेल उरलं नाय. आमचीच अजून लावायची बाकी हाय.