बाबांचं ड्रिल आणि माझा प्रोटॉन

तुम्ही म्हणता परदेशात मोठे मोठे मास्तर भेटतात. पण मले माझा विषय आमच्या बाबांनी समजावला, तेही जेवता जेवता. बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत ड्रिल चालवत. मी तिकडं प्रोटॉननं शरीराचा फोटो काढायचं यंत्र बनवून राह्यलो होतो. आई गेल्यावर दोन वर्षांनी घरी आलो, तर बाबांनी विचारलं, "तुहं यंत्र करते काय?"

"कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा शेक देतात ना, त्याच्यासाठी हाय. कोबाल्टचा शेक आरपार जाते. प्रोटॉन गाठीतच थांबवता येते, पण वाटेत हाड किती, मांस किती, हे आधी कळलं पाहिजे."

बाबांचा घास हातातच राहिला. "मंग पह्यले जोरानं आरपार सोडत असान. बाहेर निघाल्यावर किती जोर उरला, ते पाहत असान."

मी चाटच पडलो. आमचं सारं गणित तेच होतं. "तुमाले कसं समजलं?"

"ड्रिल बाहेर काढलं का मी त्याचं टोक पाहतो. टोक जेवढं घासलं, तेवढा आतला दगड कडक."

मी हसलो. बाबा हसले नाहीत.

"आरपार जाते म्हणाला ना तू? तुह्या मायले नागपूरले छातीवर शेक देल्ला, अन् पाठ काळी पडली. मले वाटे, खाटेवर पडून पडून झालं."

मी येणार म्हणून महिनाभर दिवस मोजणारे बाबा हात धुवून आले अन् म्हणाले, "सुट्टी किती दिवसाची हाय? लवकर वापस जाय, यंत्राचं काम थांबलं असन."