मनकर्णाबाईंचं नववं गाणं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले आगार व्यवस्थापक आदरणीय आल्हाद साहेब; व्यासपीठावर विराजमान पाहुणे मंडळी; सत्कारमूर्ती आणि माझे वाहक उद्धवराव; त्यांच्या शेजारी बसलेल्या स्नेहलतावहिनी; समोरचे चालक-वाहक बंधू-भगिनी, वर्कशॉपची मंडळी, आणि साडेपाचची लोणार गाडी काढायची आहे म्हणून दाराशी उभ्यानंच ऐकणारे सहकारी, आपणा सर्वांना पुंजाजीचा नमस्कार.

साहेब, या हॉलमध्ये निरोपाची भाषणं मी पुष्कळ केली. कुणी रिटायर झालं की पहिला हार ठरतो आणि दुसरा मी ठरतो. पण आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. तीनदा शर्ट बदलला. आमच्या सौभाग्यवती, पुष्पांजली, तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आहेत. माझी नजर सारखी त्या पिशवीकडे जाते. का जाते ते सांगतो, पण आधी रीतीप्रमाणे गौरव झाला पाहिजे.

उद्धवराव आणि मी एकाच गाडीवर किती वर्षं काढली? रजा-बदल्या वगळून बावीस. चालक पुढे, वाहक मागे, मध्ये एक दोरी आणि एक घंटी. एक बेल झाली की थांबायचं, डबल बेल झाली की निघायचं. बेल नाही तर गाडी हलणार नाही, मग मागून गाव बोंबलो. बावीस वर्षं मी या माणसाच्या बेलवर चाललो आणि एकदाही पस्तावलो नाही. माझ्या बेलवर त्यांनी चालावं, अशी वेळ मात्र आजपर्यंत आली नव्हती.

पाणी आहे का इथं? हं. धन्यवाद.

त्यांचा छंद तुम्हाला माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्वदच्या दशकात आपल्या दुसरबीडकडच्या मनकर्णाबाईंची एक कॅसेट निघाली होती, ‘तुरीच्या शेंगा’. आठ गाणी. बाई शेतात निंदण करणाऱ्या, आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातला घास खाली ठेवावा. उद्धवरावांनी ती दुसरबीडच्या एका चहाच्या हॉटेलात ऐकली आणि विकत घेतली. इथवर ठीक होतं. पुढच्या महिन्यात लोणारला तीच कॅसेट वाजत होती, तर हे पायरीवरच थबकले. प्रवासी मागून ढकलत होते. मला म्हणाले, “पुंजाजी, यात पेटी हाये. आपल्याजवळच्या कॅसेटमंधी कॅशिओ हाये.”

मी म्हटलं, “मंग? गाणं तं तेच हाये ना?”

“तेच नाही हाये बे. तुले ऐकू नाही येत का?”

झालं. तिथून जे लागलं ते लागलं. पहिली खेप पेटीवर, दुसरी खेप कॅशिओच्या कीबोर्डवर. एक कुणीतरी जळगाव जामोदच्या कार्यक्रमात टेपवर भरलेली, तिच्यात तिसऱ्या गाण्यात एक कडवं जास्तीचं. एकीत तर बाई गाता गाता थांबतात आणि ढोलकीवाल्याला म्हणतात, “हळू रे गोविंदा, मले श्वास घेऊ दे.” ती उद्धवरावांची सगळ्यात लाडकी. चांगलं गाणं सोडून चुकलेलं गाणं काय ऐकता, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “छापलेल्या कॅसेटमंधी बाई गाते. याच्यात बाई हाये.”

मुक्कामाच्या गावी हातपाय धुतले की हे टेप घेऊन घरोघर. लोक वाहकाला विचारायचे, उद्याची गाडी किती वाजता? हे विचारायचे, तुमच्याकडे जुन्या कॅसेटी आहेत का? सगळ्या त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत लावल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, कुठे मिळाली, कुणी दिली. आणि शेवटी एक खाच रिकामी ठेवली.

ती खाच कशाची, हेही इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, कारण उद्धवरावांनी तुम्हाला सगळ्यांना गाठून विचारलेलं आहे. मनकर्णाबाईंनी कॅसेट काढण्याआधी घरी, ओसरीवर, एक तालीम टेपवर भरली होती. तिच्यात नऊ गाणी होती. नववं पुढे घेतलंच नाही. बाई गेल्या. ती तालमीची कॅसेट ढोलकीवाल्या गोविंदाभाऊंकडे होती. तेही गेले. त्यांच्या बायकोनं उद्धवरावांना एवढंच सांगितलं, “ते तं त्यायनं कोन्या एसटीवाल्याले देली होती.”

त्या एका वाक्यावर या माणसानं एकवीस वर्षं काढली. जो चालक भेटेल त्याला विचारायचं, जो वाहक भेटेल त्याला विचारायचं. मेहकरला विचारलं, चिखलीला विचारलं, परजिल्ह्यातली गाडी थांब्यावर लागली की तिच्या खिडकीशी जाऊन विचारलं. हात वर करा बरं, ज्यांना ज्यांना विचारलंय. पाहा साहेब, वर्कशॉपचे सुद्धा हात वर आहेत.

माझा हात खाली आहे. मला त्यांनी कधीच विचारलं नाही. का विचारतील? आपल्याच गाडीच्या चालकाकडे असती तर त्यानं दिली नसती का?

साहेब, दोन मिनिटं जास्त लागतील.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, उद्धवराव बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवस रजेवर होते. बदली वाहक घेऊन मी गोविंदाभाऊंच्या गावी मुक्कामाला गेलो. गोविंदाभाऊ काठी टेकत गाडीपाशी आले आणि एक कॅसेट माझ्या हातात दिली. “कंडक्टर साहेबाले द्या. त्याले समजते.” तिच्यावर ना नाव ना चिठ्ठी. मी समजलो भजनाची असेल. डब्याच्या पिशवीत टाकली आणि विसरलो.

त्याच आठवड्यात या आगारात मला आयुष्यातलं पहिलं भाषण करायचं होतं. जुन्या हेडमेकॅनिकचा निरोप होता. मी घाबरलो होतो. कुणीतरी सुचवलं, घरी टेपवर भरून ऐक, म्हणजे चुका कळतात. घरात कोरी कॅसेट नव्हती. पिशवीत ही सापडली. आता ज्यांनी कॅसेटी वापरल्या त्यांना माहीत आहे, भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या काठावरची टिकली मोडून ठेवतात. मग तिथे भोक पडतं आणि भरायचं बटण दबत नाही. या कॅसेटची टिकली मोडलेली होती. म्हणजे त्या म्हाताऱ्यानं मला बजावूनच ठेवलं होतं की हात लावू नको. आणि मी काय केलं? भोकात कागद कोंबला आणि बटण दाबलं.

अकरा मिनिटं बोललो. दुसऱ्या दिवशी भाषण जोरात झालं. तेव्हापासून प्रत्येक निरोपाला तुम्ही मला बोलावता, टाळ्या वाजवता. ते भाषण कशावर उभं आहे, ते आज सांगतोय.

पुढे चार महिने आमची ड्यूटी दुसऱ्या रूटवर लागली. परत त्या गावी गेलो तेव्हा गोविंदाभाऊ नव्हते. त्यांच्या बायकोचं ते वाक्य उद्धवरावांनी मला गाडीत येऊन सांगितलं, मोठ्या आनंदानं, “पुंजाजी, आपल्याच माणसापाशी हाये! भेटतेच आता.” माझे हात स्टिअरिंगवर होते. त्यांनी डबल बेल दिली आणि मला गिअर सापडेना.

तेव्हाच का बोललो नाही? आज सांगू, उद्या सांगू, त्यांचा मूड बरा असताना सांगू. मग एक वर्ष झालं. मग कसं सांगायचं? जो माणूस चुकलेल्या श्वासासाठी गावं पालथी घालतो, त्याला मी सांगू की तुझी बाई मी पुसली? मी भ्यायलो. मैत्री जाईल म्हणून भ्यायलो आणि त्यांना एकवीस वर्षं खिडक्यांशी उभं केलं. घरात फक्त हिला माहीत होतं. ती दरवर्षी म्हणायची, “काऊन सांगत नाही तुम्ही?” मी उठून अंगणात जायचो.

उद्या उद्धवराव मुलाकडे पुण्याला चालले. परवा त्यांनी ती पत्र्याची पेटी माझ्या घरी आणून ठेवली. म्हणाले, “तिथं फ्लॅटमंधी जागा नाही. तुह्यापाशी राहू दे. तूच हायेस भरोशाचा.” जाताना रिकाम्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, “आता नाही सापडत ते. सोडलं म्या.” साहेब, तेव्हापासून मी जेवलो असेन, झोपलो नाही.

पुष्पांजली, आण ती पिशवी.

हा टेप. ही कॅसेट. उद्धवराव, हीच ती. हिच्या दुसऱ्या बाजूची पहिली अकरा मिनिटं माझी आहेत. त्यांच्याखाली काय होतं, ते आता कुणालाही सांगता येणार नाही. पण माझं भाषण जिथं संपतं, तिथं मी म्हणतो, “काही चुकलं असेल तर पोटात घाला,” बटणाचा खट्ट आवाज होतो, आणि पुढच्याच क्षणाला मनकर्णाबाई गातात. अर्ध्या ओळीतून. “...माहेर दूर नाही बाई, दिस दूर हाये.” ते आठांतलं कोणतंच नाही. नवव्याचं शेवटचं कडवं तेवढं उरलंय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आयोजकांनी माईक काढून घेतला नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी चुकीची माफी मागत आलो, कारण तशी पद्धत आहे. आज पद्धत म्हणून मागत नाही. वहिनी, तुमचीही मागतो. उद्धवा, तुझी तर...

थांबा. ते उठलेत. शाल राहू द्या ना अंगावर, उद्धवराव.

काय म्हणता? माईकवर सांगतो, मागे ऐकू गेलं नसेल. त्यांनी कॅसेट उलटी करून पाहिली. विचारतात, “कागद कशाचा कोंबला होता?”

तिकिटाचा, उद्धवराव. आपल्याच गाडीचं होतं. अजून तसंच आहे भोकात.

बरं, मी माझं बोलणं पुढे सरकवतो आणि थेट बाईंवर आणतो. तुम्हाला माझी बडबड कशाला... काय? पुन्हा सांगा.

साहेब, ते म्हणतात, “सरकवू नको. पह्यलंपासून लाव.”

अकरा मिनिटं, उद्धवराव? सगळी?

पाहिलंत तुम्ही? टेबलावर बोटानं दोनदा वाजवलं त्यांनी. डबल बेल झाली साहेब. लावतो मी.